मातीचा किल्ला, डिंकाचे पाणी



दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की अंगणाच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे, दगडगोटे आणि जुनी पोती जमू लागतात. पोरं मातीत हात घालतात आणि दोन-चार दिवसांत किल्ला उभा राहतो. पुढे हिवाळ्यात शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात. तिथे धरण, पाणलोट, आपले गाव असे देखावे मांडले जातात. गणपतीतले हलते देखावे पाहायला तर माणसे पूर्वी बैलगाडीने तालुक्याला यायची, आता टेम्पोने येतात. हे सगळे एकाच कलेचे प्रकार. मोठी वस्तू लहान करून दाखवायची, आणि ती लहान आहे हे पाहणाऱ्याने घटकाभर विसरावे, अशी युक्ती करायची.

पण पुष्कळदा पाहणारा ते विसरत नाही. किल्ला कितीही मेहनतीने केलेला असो, तो खेळणेच वाटतो. निळ्याशार खंदकात पाणी आहे असे मनाला पटत नाही, बुरुजावरचा धूर उदबत्तीचाच दिसतो. असे का होते? याचे कारण हाताच्या कौशल्यात थोडे आणि गणितात जास्त आहे. ते गणित सातवी-आठवीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे, म्हणून शिक्षकांनी ते मनावर घ्यावे.

ही कला आपल्याला परकी मुळीच नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांना १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, ते एका आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, म्हणजे चित्रपट काढण्याआधी वीस-एकवीस वर्षे हा माणूस लहान आकारात मोठी वस्तू उभी करण्याच्या नादी लागलेला होता. १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला आणि लोकांना पडद्यावर लंका जळताना दाखवली. प्रतिकृती, छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग, या तिन्ही विद्या त्यांच्या हाती होत्या. चित्रपट त्यातूनच आला.

आता किल्ल्याकडे वळू. आपल्याकडची मुले किल्ला करतात तो डोंगरी. वर टोक, टोकावर झेंडा आणि घसरत खाली येणारी वाट. पुस्तकात सिंहगड, रायगड पाहिलेले असतात, त्याचा हा परिणाम. पण आपल्या मुलखातले किल्ले पाहा. माहूरचा डोंगरावर आहे खरा. परंतु कंधार, उदगीर, औसा हे भुईकोट. त्यांचे बळ तटबंदीत आणि खंदकात. कंधारचा इतिहास राष्ट्रकूटांपर्यंत मागे जातो, आणि त्याच्या खंदकात पाणी असते. बिलोली, देगलूर, नायगावकडच्या मुलांनी एकदा तरी कंधार करून पाहावा असे मला वाटते. डोंगरापेक्षा तो सोपा आहे, आणि त्यात पाणी असल्यामुळे जास्त शिकवतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. बाजारात मिळणारा मावळा साधारण पाच सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस एकशे पासष्ट सेंटिमीटर धरला, तर आपले प्रमाण झाले एकास तेहतीस. हे एकदा ठरले की बाकी सगळे त्याच मापाने आले पाहिजे. सहा मीटर उंचीचा तट अठरा सेंटिमीटरचा होईल. घोडेस्वार आत जाईल असा चार मीटरचा दरवाजा बारा सेंटिमीटरचा. वीस मीटर रुंदीचा खंदक साठ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन फुटांचा! तुम्ही म्हणाल, मग अख्खा किल्ला मावायचा कुठे? तो मावणार नाही, आणि मावू नये. एक बुरुज, त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा तट, समोर खंदकाचा तुकडा आणि पलीकडची काठाची जमीन, एवढेच करा. सबंध किल्ला खोटा करण्यापेक्षा त्याचा एक कोपरा खरा केलेला बरा. ज्या शाळेला सहल नेणे जमेल तिने मुलांकडून तिथली मापे पावलांनी मोजून घ्यावीत. मुलांच्या वहीत उतरलेली ही मापे कुठल्याही चित्रापेक्षा भरवशाची.

याच प्रमाणाने इतर गोष्टींचाही हिशेब लागतो. किल्ल्यावर गहू पेरण्याची आपली चाल आहे. पण आठ सेंटिमीटर वाढलेले गव्हाचे पाते या किल्ल्यावर अडीच मीटरांहून उंच ठरते. मावळा त्यात हरवून जाईल. मोहरी किंवा अळीव पेरले तर थोडे बरे. त्याहून चांगली युक्ती म्हणजे वापरलेली चहापत्ती धुऊन, वाळवून, हिरव्या-पिवळ्या रंगात कालवून पातळ डिंकावर भुरभुरवायची. जुन्या विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळही चालते. झाडांसाठी पऱ्हाटीची बारीक शेंडे आणि तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या घरातच मिळतात. मांजरेची लालसर रेती तर बिलोलीकरांना सांगायला नको. मात्र तिचा एक मिलिमीटरचा कण आपल्या प्रमाणात सव्वातीन सेंटिमीटरची खडी होतो. म्हणून वाटेवर रेती टाकू नये. धोतराच्या फडक्यातून गाळलेला फुफाटा टाकावा.

तट बांधायला निव्वळ काळी माती घेऊ नका. ती ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळताना आकसून फुटते. शेत उन्हाळ्यात भेगाळते तेच इथे होते. तिच्यात रेती, बारीक भुसकट आणि थोडे शेण मिसळा, किंवा गावठाणातली पांढरी माती वापरा. आपल्या आज्या-पणज्यांनी माळवदे त्याच मातीने लिंपली. दगडाच्या ओळी ओल्या मातीवर खिळ्याने ओढाव्यात. वाळल्यावर रंग देताना सगळा तट एकाच काळ्या रंगाने माखू नये. बिलोलीतली जुनी दगडी मशीद सकाळच्या उन्हात जवळ जाऊन पाहा, किंवा कुठलीही जुनी बारव पाहा. पागोळ्या पडतात त्या रेघा काळवंडलेल्या, ओल धरते तिथे हिरवट, आणि कडा झिजून फिकट झालेल्या दिसतील. तेवढ्या तीन छटा तटावर आल्या, की चार दिवसांपूर्वीची भिंत चारशे वर्षांची दिसू लागते.

पाण्याचे प्रकरण अवघड, आणि सर्वांत गमतीचे. मुले खंदकात खरे पाणी ओततात. मनात येते, पाण्यासारखे दुसरे काय दिसणार? पण पाणी लहान होत नाही. ते आपल्याच मापाने वागते. त्याचा चार मिलिमीटरचा थेंब आपल्या प्रमाणात तेरा सेंटिमीटरचा, सोललेल्या नारळाएवढा गोळा ठरतो. काठाला पाणी चिकटून वर चढते ती बारीक कड डोळ्यांना लगेच चुगली करते. शिवाय माती ते पिऊन टाकते ते वेगळेच.

म्हणून पाणी खोटे करावे लागते. त्याआधी रंगाचे पाहू. पाणी निळे असते हे आपण नकाशावरून शिकलो. येसगीच्या पुलावर उभे राहून मांजरेकडे पाहा. पावसाळ्यात ती दुधाच्या चहासारखी असते, हिवाळ्यात हिरवट, आणि निळी दिसलीच तर आकाश पडले आहे म्हणून. खंदकाचे साठलेले पाणी तर हिरवे-तपकिरीच. तेव्हा आधी खंदकाचा तळ सपाट लिंपून पूर्ण वाळवा. मग मधोमध गडद हिरवट-तपकिरी रंग द्या आणि काठाकडे येताना तो फिकट करत मातीच्या रंगात मिळवा. खोली या रंगाने दिसते, खणून दिसत नाही.

त्यावर पांढरा डिंक, ज्याला सगळे फेव्हिकॉल म्हणतात, तो पातळ थरांनी द्यावा. ओला असताना तो दुधासारखा असतो, वाळला की पारदर्शक होतो. इथे घाई नडते. एकदम जाड ओतला तर वरची साय वाळते आणि आतला डिंक आठवडाभर पांढराच राहतो, शेवटी आकसून मधे खड्डा पडतो. एक मिलिमीटरचा थर, एक दिवस वाळवण, मग दुसरा थर. असे चार-पाच झाले की पुरे. शेवटचा थर अर्धवट वाळला असताना कुंचल्याच्या टोकाने हलके टिपत गेले, म्हणजे वाऱ्याने उठणाऱ्या लहरी दिसतात. वाळलेला डिंक दवाने पुन्हा पांढुरका होतो. त्यामुळे अंगणातल्या किल्ल्यात वरून लाकडाला लावतात ते चकचकीत व्हार्निश द्या, नाहीतर डिंकाऐवजी रंगवलेल्या तळावर सरळ काच ठेवून तिच्या कडा मातीने झाका. शहरात यासाठी इपॉक्सी राळ वापरतात. ती दिसते सुंदर, पण ती घट्ट होताना तापते, तिची वाफ आणि कातडीवरचा चिकटा दोन्ही घातक. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

सहस्रकुंडासारखा धबधबा करायचा असेल तर कापूस लावण्याचा मोह टाळा. त्याचे तंतू ऊन पडले की उघडे पडतात. प्लास्टिकच्या कागदावर डिंकाच्या उभ्या, वाकड्यातिकड्या धारा ओढाव्यात, वाळल्यावर तो पापुद्रा सोलून कड्यावर चिकटवावा आणि कोरड्या कुंचल्याने पांढऱ्या रंगाच्या रेघा माराव्यात. पाणी आपटते तिथेच तेवढा बोटभर कापूस विंचरून लावला तर चालेल.

पंप लावून पाणी वाहते ठेवणारे पुष्कळ देखावे प्रदर्शनात असतात. त्यांत काहीतरी चुकते असे वाटते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. ते काळाचे गणित आहे. सहा मीटरांवरून पडणारे पाणी खाली यायला साधारण १.१ सेकंद लागतो. अठरा सेंटिमीटरवरून पडणारे ०.१९ सेकंदात येते. म्हणजे आपला धबधबा खऱ्यापेक्षा जवळजवळ पावणेसहा पट घाईने पडतो. तेहतीसचे वर्गमूळ काढून पाहा, तेवढेच येते. चित्रपटवाले प्रतिकृतीचे चित्रण जलद गतीने करून पडद्यावर सावकाश दाखवतात, ते याचसाठी. हल्लीच्या अनेक मोबाइलमध्ये स्लो मोशनची सोय आहे. ती चौपट ते आठपट संथ करते. मुलांना आधी डोळ्यांनी आणि मग मोबाइलमध्ये तीच धार दाखवा. वर्गमूळ कशाला शिकायचे, असे विचारणारा मुलगा त्या दिवशी गप्प बसेल.

पाण्याविषयी एवढे बोललो, तर पाणी नसण्याविषयीही बोलले पाहिजे. मराठवाड्यातल्या शाळेने तळ्याचा देखावा करावा आणि तो काठोकाठ भरलेलाच दाखवावा, हे मला पटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वेळची आटलेली धरणे मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे आहेत, आज शाळेत बसणाऱ्या मुलांच्या नाहीत. कोरड्या तळ्याचा तळ करणे अगदी सोपे आहे, आणि इथे मघाशी नाकारलेली काळी मातीच कामाला येते. ती कपड्यातून गाळा, ताकाइतकी पातळ करा आणि सपाट पाटीवर दोन-तीन मिलिमीटर ओतून सावलीत वाळू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला आपोआप भेगा पडतात. थर जितका पातळ, तितक्या खपल्या लहान. खऱ्या तळ्यात हातभर रुंदीच्या खपल्या असतात, त्या आपल्या प्रमाणात सव्वा-दीड सेंटिमीटरच्या हव्यात. थर कमीजास्त करून दोन-तीनदा पाहिले की हे माप साधते. मधे ओल्या मातीचा एक गडद डाग ठेवा, त्यावर डिंकाचे रुपयाएवढे पाणी करा, आणि काठावर पूर्वीच्या पाण्याच्या पातळ्या दाखवणाऱ्या फिकट रेघा एकाखाली एक ओढा. हा देखावा अलंकाराचा नाही, पण त्याच्यापुढे माणसे थांबतात. शेजारी त्याच तळ्याची भरलेली बाजू केली आणि दोन्ही पातळ्यांमधले अंतर खऱ्या मापात लिहिले, तर गावातले शेतकरीही बोलू लागतील. कोणत्या साली पाणी कुठवर होते हे त्यांना तोंडपाठ असते.

आगीचे थोडक्यात सांगतो. किल्ल्यात फटाके पुरून बुरुज उडवणे हा प्रकार बंद झाला पाहिजे. बुरुजातला खडा थेट डोळ्यात जातो, आणि वाकून पाहणारी मुलेच त्याच्या सर्वांत जवळ असतात. थर्मोकोलच्या देखाव्यात दिवा ठेवणे त्याहून वाईट; ते चटकन पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो. थर्मोकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये राज्य शासनाने बंदी घातली, तेव्हा तो प्रश्न निकालात निघायला हवा होता.

आणि खरी ज्योत तशीही फसवी. मेणबत्तीची तीन सेंटिमीटरची ज्योत आपल्या प्रमाणात मीटरभर उंच होते, पण दिसते मात्र एक गुळगुळीत थेंब. मोठ्या आगीच्या जिभा वेगवेगळ्या फुटलेल्या असतात. ज्योत फडफडू लागली की सेकंदाला दहा-बारा वेळा हलते. मीटरभर रुंदीची होळी सेकंदाला एक-दोनदाच उसळते. डोळा हे मोजत नाही, पण ओळखतो. म्हणून आग दाखवायची तर ज्वाळेच्या मागे लागू नका, तिचा उजेड दाखवा. दिवाळीच्या माळेतले दोन नारिंगी आणि एक पिवळा दिवा बुरुजाच्या आड लपवा, मागे चॉकलेटचा चुरगाळलेला चकचकीत कागद लावा, आणि तटावर लाल उजेड हलू द्या. आग स्वतः दिसली नाही तरी पाहणारा ती मनात पेटवून घेतो. धुरासाठी कापूस तारेवर विंचरून ताणावा. बुडाशी काजळी लावावी, वर जाताना राखाडी, आणि टोक एका बाजूला वाकवावे. सगळ्या देखाव्यात वारा एकाच दिशेचा असावा. झेंडा पूर्वेला आणि धूर पश्चिमेला, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे.

धुके आणि अंतर ही जुळी भावंडे. दूरची वस्तू फिकट दिसते, हे आपल्या सर्वांना माहीत असते आणि रंगवताना कोणीच आठवत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम उजेडावर रात्रीचे प्रसंग उभे केले. आपल्याला तेवढी यंत्रे नकोत. किल्ल्याच्या मागे पडदा लावतो, त्याच्या चार बोटे पुढे जुन्या मच्छरदाणीचा एक तुकडा ताणून बांधा आणि उजेड वरून पाडा, समोरून नको. मागचा डोंगर लगेच दोन कोस मागे सरकतो. झाडे तीन आकारांची करून मोठी पुढे, लहान मागे ठेवली, की शेताची लांबीही वाढते. देखावा मुलांच्या गुडघ्याशी न ठेवता बाकावर चढवा, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा मावळ्याच्या डोळ्याच्या जवळ येतो. निम्मी किमया एवढ्यानेच होते.

शेवटी एक जोखमीचा विषय. गणेशोत्सवात आणि शाळांतही भूकंपाचा देखावा करतात. आपल्याकडे त्याला आठवणीचे ओझे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ती बहुतेक घरांखालीच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर दीड-दोन फूट मातीचे माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे तोंड एकमेकांना नीट बांधलेले नसल्याने ती दुभंगली आणि माळवद खाली आले. अशा प्रसंगाच्या देखाव्यात ढिगाऱ्यातल्या बाहुल्या, लाल रंग आणि भोंग्याचे आवाज घालणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की हे करू नका. ज्यांच्या घरातली माणसे गेली ती अजून आपल्यात आहेत.

पण घर का पडले, हे मात्र जरूर दाखवा. आणि इथे प्रतिकृती फार मोठी खोटी साक्ष देऊ शकते. मुलांनी मातीचे वीतभर घर केले आणि पाटी धरून हलवली, तर ते पडत नाही. मुले म्हणतात, बघा, मातीचे घर पक्के! का पडत नाही? एकास तेहतीस प्रमाणात घराचे वजन तेहतीसच्या घनाने, म्हणजे सुमारे छत्तीस हजार पटींनी कमी होते. भिंतीची ताकद तिच्या कापाच्या क्षेत्रफळावर असते, ती वर्गाने, सुमारे अकराशे पटींनीच कमी होते. म्हणजे आपले छोटे घर स्वतःच्या वजनाच्या मानाने खऱ्या घरापेक्षा तेहतीस पट बळकट झाले! मुंगी आपल्याहून जड दाणा उचलते आणि हत्तीला तसे जमत नाही, त्यातही हाच हिशेब आहे.

तेव्हा हे घर मुद्दाम कमकुवत करावे लागते. भिंती डिंकाने किंवा चिखलाने जोडू नका. खडे नुसत्या किंचित ओलसर मातीत रचा. भिंतीची दोन तोंडे वेगळी उभारून मधे भुसभुशीत भर घाला. वर काड्यांचे छत करून त्यावर मातीचा जाड थर द्या, आणि त्यावर चपटा दगड ठेवा, म्हणजे वजनाची थोडी भरपाई होते. शेजारी दुसरे घर त्याच खड्यांचे आणि त्याच मातीचे बांधा. पण त्यात दर दोन थरांनंतर भिंतीच्या आरपार जाणारा लांब खडा घाला, दाराच्या वर चारही बाजूंनी बांबूच्या कामटीचा पट्टा बांधा, आणि वर पत्र्याचे हलके छत ठेवा. दोन्ही घरे एकाच पाटावर हवीत. पाटाखाली वीस-पंचवीस गोट्या पसरा, म्हणजे तो आडवा सहज सरकतो. हादरे एकाच मुलाने द्यावेत, सगळे सारख्या अंतराचे, शक्य तर पाटाच्या दोन्ही बाजूंना विटा ठेवून. दुसऱ्याने मोठ्याने मोजावे. तिसऱ्याने फक्त भिंतीकडे पाहावे, आणि कितव्या हादऱ्याला कोणती भिंत फुगली, कितव्याला दगड सुटला आणि छत कधी आले, ते फळ्यावर लिहावे.